गोळा कुठंय, मास्तर?

सकाळी दहा वाजून बावन्न मिनिटांनी, भोकरडोह आणि तांबेवाडी या स्टेशनांच्या मध्ये, किलोमीटर २११ च्या सातव्या खांबाजवळ लहानू बर्डे या चावीवाल्याचा डावा पाय गुडघ्याखाली तुटला. त्याच मिनिटाला भोकरडोहच्या फलाटावर बँडवाले कपाळाचा घाम पुसत होते आणि मी, तिथला स्टेशन मास्तर, एका टेबलावरचा झेंडूचा हार सारखा करत होतो. त्या दिवशी आमच्या एकेरी लाइनीची दुहेरी लाइन झाली. तारीख बारा. चूक कोणाची, हे ठरायला आणखी चार दिवस लागले.

गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची आहे.

लहानू रोज सकाळी साडेसातला माझ्या खिडकीशी येऊन उभा राहायचा. खांद्यावर हातोडा आणि पाना, काखेत गुंडाळलेले दोन झेंडे, लाल आणि हिरवा. चावीवाल्याने रोज आपल्या हद्दीतली लाइन पायी तुडवायची आणि रुळांच्या ढिल्या झालेल्या चाव्या ठोकून घट्ट करायच्या. एकतीस वर्षं तो तेच करत होता. खिडकीशी आला की एकच प्रश्न.

“गोळा कुठंय, मास्तर?”

एकेरी लाइनीवर गाडी सोडायची तर ड्रायव्हरच्या हातात मोठ्या पेरूएवढा एक पोलादी गोळा द्यावा लागे. दोन्ही स्टेशनांतली यंत्रं तारेने जोडलेली. एका यंत्रातून गोळा निघाला की तो पुढच्या स्टेशनच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा गोळा कुठूनच निघत नसे. म्हणजे दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी. लहानूकडे घड्याळ नव्हतं, वेळापत्रक त्याला वाचता येत नव्हतं. गोळा यंत्रात आहे म्हटलं की तो रुळांच्या मधून चालायचा. गोळा ड्रायव्हरकडे आहे म्हटलं की कडेने चालायचा, एक गाडी जाऊ द्यायचा आणि मग निर्धास्त.

मला त्या प्रश्नाचा वीट आला होता. मी पदवीधर माणूस. या माळावर बदली होऊन सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षं रोज दिवसाची सुरुवात या प्रश्नाने. एकदा मी म्हणालो, “माझ्या खिशात आहे.”

तो हसला नाही. गेलाही नाही. दहा मिनिटं खिडकीशी तसाच उभा राहिला.

“आता काय?”

“तुमी सांगितलं न्हाई अजून.”

“यंत्रात आहे, बाबा. जा.”

“हां,” म्हणाला आणि निघाला. रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन गफूरभाई कोपऱ्यात दिव्याची काच पुसत होता. तो म्हणाला, “मास्तर, त्याच्याशी मस्करी करू नका. तुम्ही सांगाल त्यावर तो पाय टाकतो.”

मला गफूरभाईचंही शहाणपण आवडायचं नाही.

नवी लाइन जुन्या लाइनीला चिकटूनच टाकली होती. दोन वर्षं काम चाललं होतं. खडी पडली, स्लीपर पडले, रूळ पडले. त्या दोन वर्षांत लाइनीवरच्या सगळ्या माणसांना एक सवय लागली. जुन्या लाइनीवर गाडी आली की उडी मारून नव्या लाइनीवर जायचं. पूर्वी गाडी आली की भरावाच्या उतारावर, बाभळीच्या काट्यांत पाय रोवून उभं राहावं लागे. आता सपाट, कोरडी, ऐसपैस जागा मिळाली होती. लहानू भाकरी नव्या लाइनीच्या स्लीपरवर बसून खायचा. खुद्द वर्पेसाहेब, म्हणजे लाइनीचे इंजिनियर, पाहणीला आले की तिथेच उभे राहून सिगारेट ओढायचे. खडीची गाडी नव्या लाइनीवर यायची तेव्हा मुकादम आदल्या दिवशी सांगायचा. वेगाची चाचणी झाली तेव्हा त्याने सगळ्यांना हाताला धरून खाली उतरवलं होतं. एरवी ती लाइन मेलेली.

लोकार्पण चौदा तारखेला ठरलं होतं. दहा तारखेला सकाळी वर्पेसाहेब एक जाडजूड वही घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या बुटांना नवं पॉलिश होतं आणि गळ्यात मंडपवाल्याच्या दुकानाची जाहिरात असलेलं उपरणं. ते कुठून आलं ते मी विचारलं नाही.

“मास्तर, ह्या सूचना. चौदा तारखेपासून दोन्ही लाइनी चालू, दोन्हीकडून गाड्या, गोळा बंद, वगैरे वगैरे. सगळ्यांना वाचून दाखवायच्या आणि सह्या घ्यायच्या.”

“स्टेशनच्या माणसांच्या मी घेतो. लाइनीवरची माणसं तुमची आहेत.”

“अहो, माझी माणसं सध्या माझी आहेत कुठे? सगळी गँग दगडांना चुना लावतेय. पाहुणे येणार, दगड पांढरे नकोत का? तुमच्या खिडकीवरून तर जातात सगळे. तुम्हीच उरका.”

मी वही ठेवून घेतली. मला त्या दिवशी पत्रिकांवरची नावं तपासायची होती. विभागाच्या कचेरीतून तिसऱ्यांदा यादी बदलून आली होती. कोणाच्या आधी कोणाचं नाव यावं यावर दोन आमदारांच्या माणसांनी फोनवर इतका काथ्याकूट केला होता, की तेवढ्या वेळात आमच्या गँगने फर्लांगभर लाइन टाकली असती. प्रमुख पाहुण्यांचा पीए तर मला म्हणाला होता, “मास्तर, एक शंका. डबल म्हणजे आता दोन रूळ होणार. मग आधी एकाच रुळावर गाडी कशी चालत होती?” मी त्याला समजावून सांगितलं. त्याने “अस्सं अस्सं” म्हटलं आणि लगेच विचारलं, “हे भाषणात घेऊ का?”

लहानू आला तो याच गडबडीत.

“गोळा कुठंय, मास्तर?”

“यंत्रात. इकडे ये, सही कर.”

त्याने झेंडे भिंतीला टेकवले, हात धोतराला पुसले. “काय लिवलंय?”

“नवी लाइन चालू होणार. चौदा तारखेपासून. मग दोन्हीकडून गाड्या येणार, दोन्हीकडे बघून चालायचं.”

“चौदा.” त्याने बोटांवर मोजलं. “आज धा. म्हंजी अजून चार दिस नवी लाइन मेलेलीच?”

“मेलेलीच.”

“आन् गोळा?”

“गोळा बंद.”

हे त्याला पटलं नाही. यंत्राकडे बघत म्हणाला, “मग तुमाला तरी कसं कळनार, मास्तर, मधी किती गाड्या हायेत?”

“मला कळेल. तू सही कर.”

तो प्रौढ शिक्षणाच्या वर्गात सही शिकला होता. पेन आधी कपाळाला लावायचा, मग जिभेचं टोक दातांत धरून मिनिटभर लिहायचा. ल, हा, नू. वरची रेघ मात्र अशी सरळ आणि लांब ओढायचा की शेजारच्या सहीत घुसायची. सही झाल्यावर वहीला हात लावून त्याने तो छातीला लावला. मला हसू आलं. सरकारी वहीच्या पाया पडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

“चौदाला येतो सकाळी लवकर,” तो म्हणाला. “पुन्यांदा एकदा सांगा नीट.”

त्याच्यासह आठ सह्या झाल्या. वही कपाटात गेली.

अकरा तारखेला संध्याकाळी पाच वाजता विभागाच्या कचेरीतून फोन आला. प्रमुख पाहुण्यांना चौदाला दिल्लीला जायचं होतं. कार्यक्रम उद्या, बाराला. सकाळी अकरा वाजता. नवी लाइन उद्या दहापासून चालू, गोळ्याचं काम उद्या दहापासून बंद. लेखी आदेश मागोमाग मालगाडीच्या गार्डबरोबर आला.

पुढचे तीन तास भोकरडोहवर जे चाललं होतं त्याला काम म्हणता येणार नाही. मंडपवाला अर्धं कापड घेऊन दुसऱ्या गावच्या लग्नाला गेला होता. बँड मिळेना, तेव्हा वर्पेसाहेबांनी जीप पाठवून तालुक्याच्या बाजारातून एक बँड उचलून आणवला. त्याला लग्नातली गाणी येत होती, राष्ट्रगीत येत नव्हतं. केळीचे खांब इंजिनाला बांधायचे की मंडपाला यावर एक कार्यकर्ता आणि एक अभियंता हातघाईवर आले. शेवटी दोन्हीकडे बांधायचं ठरलं. प्रसिद्धी खात्याच्या एका बाईंनी सुचवलं की गोळ्याचं यंत्र उद्या निरुपयोगीच होणार आहे, तर ते फलाटावर टेबलावर ठेवावं, हार घालावा, पाहुण्यांना बघायला बरं. सगळ्यांनी वा वा केली.

मी वर्पेसाहेबांना गाठलं. “वहीचं काय? तारीख बदलली.”

ते शिडीवर चढलेल्या माणसाला ओरडत होते, “डावीकडे! अरे, मंत्री डावीकडून येणार!” माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुम्ही बघा हो, मास्तर. एवढं एक बघा.”

मी बघितलं.

बाराला पहाटेपासून पोलीस आले. फलाटाच्या दोन्ही टोकांना दोरी बांधली. स्टेशनच्या माणसांना आणि गेटवाल्यांना मी मंडपाच्या कामाला बोलावून घेतलंच होतं. त्यांना तोंडी सांगितलं, नवी लाइन आज दहापासून चालू. चुना लावणाऱ्या गँगलाही सांगितलं. लहानू सोडून बाकीच्या सातही सह्यावाल्यांना कळलं होतं.

साडेसातला लहानू आला. हवालदाराने त्याला दोरीपाशीच अडवलं. माझ्यापासून सत्तर-ऐंशी पावलांवर तो उभा होता, हातोडा खांद्यावर, मान उंच करून माझ्या खिडकीकडे बघत. खिडकीत मी नव्हतो. मी मंडपाखाली पीएला खुर्च्यांची मांडणी दाखवत होतो. लहानूने मला पाहिलं, आणि दोन्ही हातांनी गोल करून दाखवला. गोळा कुठंय?

पीए म्हणाला, “हा कोण? याला काय पाहिजे?”

“कोणी नाही,” मी म्हणालो. “आमचा एक माणूस आहे.”

आणि मी लहानूला हाताने खूण केली. जा. चल, कामाला लाग. पीएसमोर दोरीपर्यंत चालत जाऊन एका चावीवाल्याशी बोलत उभं राहणं मला बरं दिसलं नसतं. लहानू थोडा वेळ थांबला, जसा त्या दिवशी खिडकीशी थांबला होता. मग हवालदार काहीतरी बोलला आणि तो लाइनीला लागला.

यानंतरचं सगळं मिनिटावार नोंदलेलं आहे. दहा चाळीसला तांबेवाडीहून केळीचे खांब बांधलेली खास गाडी नव्या लाइनीने आमच्याकडे निघाली. इंजिनात ड्रायव्हरशिवाय पाच माणसं होती, त्यातल्या दोघांच्या गळ्यात कॅमेरे. दहा चव्वेचाळीसला आमच्याकडून पॅसेंजर जुन्या लाइनीने तांबेवाडीकडे सुटली. सातव्या खांबाजवळ लहानूने मागून येणारी पॅसेंजर ऐकली. त्याने हातोडा उचलला, नव्या लाइनीवर गेला, आणि नियमाप्रमाणे गाडीकडे तोंड करून, जाणाऱ्या प्रत्येक डब्याची चाकं बघत उभा राहिला. हिरवा झेंडा गार्डाला दाखवायला हातात तयार. त्याची पाठ तांबेवाडीकडे होती. एक गाडी समोर होती, म्हणजे दुसरी असणं शक्य नव्हतं.

पॅसेंजरच्या गार्डाने त्याला पाहिलं आणि मागून येणारे केळीचे खांबही पाहिले. तो ओरडला. लहानू त्याच्या ओरडण्याकडे बघून झेंडा हलवू लागला, असं गार्डाने नंतर जबाबात सांगितलं. शेवटच्या क्षणी गार्डाने हाताने बाजूला हो अशी खूण केली तेव्हा तो हलला. पाय तेवढा राहिला.

गार्डाने पॅसेंजर थांबवली, त्याला डब्यात घेतलं आणि तांबेवाडीला नेलं. मला फोन आला अकरा सहाला. खास गाडी फलाटाला लागली होती, बँड ‘नवरी आली’ वाजवत होता. मी वर्पेसाहेबांच्या कानात सांगितलं. त्यांनी विभागाच्या साहेबांच्या कानात सांगितलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “चहापर्यंत स्टेजवर कळता कामा नये.”

कळलं नाही. प्रमुख पाहुणे चाळीस मिनिटं बोलले. “आधी एकाच रुळावर गाडी कशी चालायची हे तुम्हाला-मला माहीत नाही, पण आमच्या रेल्वेच्या बहाद्दरांना माहीत आहे,” असं त्यांनी सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. मग गोळ्याच्या यंत्राजवळ आले. हार बघून त्यांना ते कोणाचं तरी स्मारक वाटलं असावं. त्यांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर थाटात लोकार्पण. सातव्या पानावर चार ओळी: रेल्वेच्या धडकेत कर्मचारी जखमी, रूळ ओलांडताना दुर्घटना. तो रूळ ओलांडत नव्हता.

चौकशीला माथूर नावाचे अधिकारी आले. शांत, नीटनेटके, टोकदार पेन्सिली बाळगणारे. त्यांना मराठी येत नव्हती. स्टेशनातल्या जबान्या एका दिवसात आटोपल्या. वर्पेसाहेबांनी सांगितलं की सूचना मास्तरांमार्फत सर्वांना मिळाल्या होत्या. मी सांगितलं, हो, मिळाल्या होत्या. वही समोर होती. सोळा तारखेला लहानूची जबानी घ्यायला जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं होतं. दुभाषा म्हणून माथूरसाहेबांनी मला बरोबर घेतलं.

लहानू खाटेवर बसला होता. चादर डाव्या बाजूला सपाट होती. त्याची बायको गंगूबाई पायथ्याशी जमिनीवर बसली होती. मला बघून ती उठली. “मास्तर आले,” नवऱ्याला म्हणाली, जणू आता सगळं ठीक होणार होतं.

“बसा, मास्तर,” लहानू म्हणाला. “खुर्ची घे गं मास्तरांना.”

माथूरसाहेबांनी हिंदीत विचारलं, मी मराठीत.

“नव्या लाइनीवर का गेलास?”

“रोज जायचो.”

“गाडी येईल असं वाटलं नाही?”

“एक गाडी म्होरं व्हती, सायेब. दुसरी कशी येनार? आन् चौदा तारीख व्हती ना. मी बोटावर मोजली व्हती. त्या दिवशी बारा.”

“स्टेशनवर बँड, पोलीस, मंडप. काहीच कळलं नाही?”

“मंडप तर आठ तारखेपासनं व्हता. नऊलाबी पोलीस आलते, बँड वाजला. तालीम म्हनले. मला वाटलं, आजबी तालीमच.”

मी हे जसंच्या तसं सांगितलं. माथूरसाहेबांनी लिहून घेतलं, पेन्सिल खाली ठेवली आणि वही उघडून त्याच्या मांडीवर ठेवली. वर टाइप केलेला आदेश होता. खाली आठ सह्या.

“त्याला सांगा, इथे बारा तारीख लिहिली आहे. खाली सही त्याची आहे का विचारा.”

आता त्या वहीबद्दल सांगायला हवं.

अकराला संध्याकाळी, फलाटावर गोंधळ चालू असताना, मी कपाटातून वही काढली होती. नव्या आदेशाप्रमाणे नवीन पान, नवीन वाचन, नव्या आठ सह्या हव्या होत्या. त्यासाठी लहानूच्या वस्तीवर माणूस पाठवावा लागला असता, दीड कोस. माणूस मोकळा नव्हता. सगळे केळीच्या खांबांत अडकले होते. मी गफूरभाईला डिंकाची बाटली मागितली. बाराचा कागद कात्रीने मापात कापला आणि चौदाच्या कागदावर चिकटवला. कडा बोटाने दाबल्या. सह्या होत्या तिथेच राहिल्या. गफूरभाई दारात उभा होता.

“सकाळी सांगाल ना सगळ्यांना?” त्याने विचारलं.

“सांगेन की. रोज खिडकीवर येतातच सगळे.”

गफूरभाईने बाटलीला बूच लावलं. त्याला निवृत्तीला सात महिने राहिले होते. चौकशीत तो काही बोलला नाही.

लहानूने वही जवळ घेतली. टाइपातली अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, पण आकडे यायचे. त्याने आदेशातल्या बारा या आकड्यावर बोट ठेवलं. मग बोट हळूहळू खाली आणलं आणि स्वतःच्या सहीवर, त्या लांब रेघेवर, उजवीकडून डावीकडे फिरवलं. बोट परत वर गेलं. बारा. परत खाली. कागदाच्या चिकटवलेल्या कडेवरून ते दोनदा गेलं. मी त्याचं बोट बघत होतो.

“सही माझीच हाये,” तो म्हणाला.

“मग तुला बारा तारीख सांगितली होती?” माथूरसाहेबांचा प्रश्न. माझ्या तोंडून.

त्याने माझ्याकडे पाहिलं. संशयाने नव्हे. संशयाने पाहिलं असतं तर मला काहीतरी उत्तर सुचलं असतं, तेवढा मी तयार होतो. तो आठवायचा प्रयत्न करत होता आणि त्यासाठी माझी मदत मागत होता.

“मास्तर, माझ्या ध्यानात चौदाच हाये वो. पर हितं बारा हाये. आन् खाली म्या सही केलीया.” त्याने वही मिटली. “म्हंजी तुमी बाराच सांगितलं असंल. तुमी कशाला चुकीचं सांगताल? मीच इसरलो.”

गंगूबाई म्हणाली, “असं कसं इसरलात? तुमी तर रोज घरी बोटावर मोजत व्हतात, चौदा, चौदा.”

“गप गं. वहीत हाये.”

“काय म्हणतो?” माथूरसाहेबांनी विचारलं.

मी भाषांतर केलं. एकही शब्द बदलला नाही. तेवढा मी काटेकोर आहे. “तो म्हणतो, सही माझीच आहे. सांगितलं असेल. मी विसरलो.” बायकोचं बोलणं जबानीत घ्यायचं नव्हतं, म्हणून ते सांगितलं नाही.

माथूरसाहेब उठले. बाहेर व्हरांड्यात ते म्हणाले, “प्रामाणिक माणूस आहे. शंभरात नव्याण्णव लोक सही नाकारतात.” त्यांना वही उजेडात धरून बघावीशी वाटली नाही. पाचशे पानी नियमांचं पुस्तक पाठ असलेला तो माणूस होता, आणि एका कागदावर दुसरा कागद आहे हे त्याला दिसलं नाही. मी त्यांच्यासाठी जीपचं दार उघडलं.

अहवालात लिहिलं, कर्मचाऱ्याने सूचना मिळूनही निष्काळजीपणा केला. जूनमध्ये लहानू मुकादम होणार होता. त्याऐवजी त्याला घरी बसवण्यात आलं. वर्पेसाहेबांना दुहेरीकरण वेळेआधी पूर्ण केल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. मला पुढच्या वर्षी मोठं स्टेशन मिळालं.

आणि मग रेल्वेने त्याला शोधून काढलं. दर वर्षी सुरक्षा सप्ताह होतो. कोणा अधिकाऱ्याच्या डोक्यात आलं की ज्याच्या बाबतीत घडलं त्यानेच सांगितलं तर लोकांना पटेल. लहानू कुबड्या घेऊन स्टेजवर जातो. शाल आणि नारळ मिळतो. तो बोलतो ते दर वर्षी तेच असतं. “दोन्ही बाजूंनी बघा. एक गाडी गेली म्हून निर्धास्त होऊ नका. मला सांगितलं व्हतं. म्या सही केलती. तरी इसरलो. तुमी इसरू नका.” अधिकारी डोळे पुसतात, त्यांना अशा वेळी डोळे पुसता येतात. मी दोनदा पहिल्या रांगेत बसून हे ऐकलं आहे. दुसऱ्यांदा त्याने स्टेजवरून मला हात केला आणि सांगितलं, “ते आमचे मास्तर. लय समजावून सांगायचे. ऐकनाराच येडा निघाला.” सभागृह हसलं. मीही हसलो.

त्याच्या हद्दीत गेल्या सोळा वर्षांत एकही माणूस गाडीखाली आलेला नाही. ही नोंद खरी आहे, मी पडताळून पाहिली आहे.

गफूरभाई चार वर्षांपूर्वी वारला.

मी निवृत्त झालो त्याच्या आधीच्या आठवड्यात भोकरडोहच्या जुन्या वह्या रद्दीत काढल्याचं कळलं. मी जाऊन ती एक वही घेऊन आलो. का आणली, हे मी स्वतःला नीट सांगितलेलं नाही. जाळायची तर तिथेही जाळता आली असती.

गेल्या शुक्रवारी सकाळी लहानूचा फोन आला. आता त्याच्या नातीने त्याला मोबाइल घेऊन दिला आहे.

“मास्तर, वळखलं का? बर्डे. तिसरी लाइन व्हनार हाये आपल्याकडं. मंगळवारी धा वाजता भूमिपूजन. मला बोलायला बोलवलंय. नवी पोरं हायेत सगळी, त्यांना गोळा म्हंजी काय तेबी ठावं न्हाई.”

“चांगलं आहे. बोल.”

“तुमी या. मी सायबांना सांगितलंय, मास्तरांनाबी शाल द्या.” मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. “आन् एक काम व्हतं. ती वही कुठं मिळंल का वो? टेशनावर इचारलं, तर म्हनले, जुने मास्तरच सांगतील. पोरं आताची लय शानी. मी सांगतो तर म्हनत्यात, म्हातारा मनाचं सांगतोय, सायबांनी पढवलंय. त्यांना सही दाखवीन म्हनलं. वर तारीख, खाली सही. मग कोन बोलंल?”

“बघतो,” मी म्हणालो.

“बघा. तुमी बघतो म्हनलं म्हंजी झालं.”

आज रविवार आहे. वही माझ्या टेबलावर आहे. गफूरभाईचा डिंक चांगला होता, पण सोळा वर्षांत कागद कोरडा पडतो. बारा तारखेच्या आदेशाचा वरचा उजवा कोपरा सुटून वर आला आहे. त्याखालून आधीच्या कागदावरचा एक आकडा दिसतो. मी लहानूला फोन केलेला नाही.